बारमाही धाव

गाडीच्या लाकडी चाकावर चढविलेल्या लोखंडी पट्टीस मराठीत ‘धाव’ म्हणतात, आणि धावण्याच्या क्रियेसही धावच म्हणतात. या दोन शब्दांचे नाते व्युत्पत्तिकार कसेही लावोत, पण ज्या समाजाने चाकाच्या त्या अरुंद लोहवलयास गतीचेच नाव दिले, त्या समाजाने गाडीचे सारे सामर्थ्य शेवटी जमिनीला टेकणाऱ्या दीड-दोन इंचांत साठवलेले असते हे पुरेपूर ओळखले होते, असे मला वाटते. आज थंड मुलखात वेगवान स्पोर्ट्स कार बाळगणारा शौकीन गृहस्थ टायर घेताना ज्या विवंचनेत पडतो, तिचे मूळही जमिनीला टेकणाऱ्या अशाच थोडक्या जागेत आहे. उन्हाळी टायरचे रबर साधारण सात अंश सेल्सियसखाली कठीण होऊन रस्त्यावरची पकड सोडते, हिवाळी टायरचे मऊ रबर उन्हात भराभर झिजते, आणि या दोहोंच्या मधला म्हणून जो बारमाही टायर अमेरिकेत १९७७ साली गुडइयर कंपनीच्या ‘टिएम्पो’मुळे विशेष प्रसिद्धीस आला, तो दोन्ही ऋतूंत चालतो खरा, पण उन्हात उन्हाळी टायरची आणि बर्फात हिवाळी टायरची बरोबरी करू शकत नाही. हा प्रश्न मोटारीबरोबर जन्मास आला असे कोणी समजत असेल तर त्याने खानदेशातील पाचोऱ्याच्या आसपासच्या खेड्यांत एखाद्या वृद्ध सुतारापाशी तासभर बसावे. मोटारीचे नावही या मुलखात कोणी ऐकले नव्हते तेव्हापासून येथील शेतकरी हाच हिशेब करीत आला आहे, फक्त त्याच्यापुढे उन्हाळा आणि हिवाळा नव्हते, वैशाख आणि श्रावण होते.

पाचोरा हा कसबा हिवरा नदीच्या काठी, अजिंठ्याचे डोंगर दक्षिणेस आणि गिरणेचे पात्र पश्चिमेस व उत्तरेस अशा मधल्या सपाटीवर वसलेला आहे. या सपाटीची काळी जमीन कापसास जितकी अनुकूल तितकीच चाकास प्रतिकूल. वैशाखात उष्णतामान चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जाते, शेतांना हात हात खोल भेगा पडतात, ढेकळे विटेसारखी कठीण होतात आणि गाडीवाटेवर घोट्याएवढी धूळ साठते. मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या की तीच माती फुगते, भेगा मिटतात, आणि आठ-पंधरा दिवसांत तिचा असा चिकट राडा होतो की माणसाच्या पायताणास शेरभर चिखल लटकून निघतो. वर्षभरात पाऊस पडतो तो सरासरीने सातशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे फार नव्हे; परंतु काळ्या मातीस चाक गिळायला पाऊस फार लागत नाही. एकाच वाटेवर एकाच वर्षात दगड आणि दलदल या दोन्हींशी सामना करणारे चाक कोणते, हा पाचोऱ्याचा प्रश्न होता.

हा प्रश्न जेथे सुटत नसे तेथे चाकच नसे. १८१८ साली खानदेश पेशव्यांकडून इंग्रजांच्या अमलाखाली आला, त्या वेळी या प्रांतातील दूरचा व्यापार मुख्यतः वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून चाले. एकेका बैलावर दोन-तीन मण धान्य, मीठ वा कापूस लादलेले तांडेच्या तांडे घाट उतरत, आणि ज्या वाटेवर माणूस चालू शकेल तेथे लमाणाचा बैलही चालू शके. दख्खनच्या पठारावर त्या काळी गाड्या होत्या त्या फार बोजड; सोलापूर-इंदापूरकडच्या गाड्यांना भरीव दगडी चाके असत असे जुन्या सरकारी कागदांत नमूद आहे, आणि १८३६च्या सुमारास पाहणी खात्यातील लेफ्टनंट गेस्फर्ड या अधिकाऱ्याने सोलापूर भागात टेंभुर्णी येथे हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या गाड्या तयार करविण्याचा उद्योग सुरू केला तेव्हा तिकडील शेतकऱ्यास ती मोठीच सोय वाटली. सरकारी अंमलदाराने केलेली प्रत्येक सुधारणा रयतेच्या कल्याणाचीच होती असे मी मानीत नाही. पण ही होती, आणि तिचे श्रेय त्यास दिले पाहिजे.

खानदेशात गाडीचा खरा सुकाळ झाला तो आगगाडीमुळे. १८६०च्या दशकाच्या आरंभी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची वाट मनमाड, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करीत भुसावळच्या दिशेने सरकली. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या वर्षांत, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तेथला कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात खानदेशी कापसास सोन्याचे मोल आले. आगगाडीने बैलगाडी मोडीत काढली असे पुष्कळांचे मत असते. वस्तुतः तिने बैलगाडीस काम दिले, कारण रुळांपर्यंत कापूस आणायचा कोणी? नगरदेवळे, वरखेडी, कुऱ्हाड, पिंपळगाव या गावांतून पाचोऱ्याच्या ठेसनाकडे निघालेल्या गाड्यांच्या रांगांनी येथील बाजारपेठ उभी केली. अजिंठ्याची लेणी पाहू इच्छिणारे परदेशी प्रवासीही दीर्घकाळ पाचोऱ्यासच उतरत आणि तेथून गाडी करून निजामाच्या हद्दीतील फर्दापुरास जात. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या सुमारास पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी रुळांची छोटी आगगाडी झाली आणि पहूरपर्यंतचा प्रवास सोपा झाला, तरी पहुराहून पुढे पुन्हा बैलच. विलायतेहून ज्या सुखासनांत बसून हे प्रवासी आले असतील त्यांच्या तुलनेत त्या शेवटच्या काही कोसांचे धक्के त्यांस कसे वाटले असतील याची कल्पना करता येते; तथापि त्या धक्क्यांतूनच ते लेण्यांपर्यंत पोहोचले, हेही विसरता येत नाही.

आता ते चाक तयार कसे होई ते सांगितले पाहिजे, कारण ही विद्या पाहिलेले डोळे दिवसेंदिवस कमी होत आहेत. गावगाड्यात सुतार आणि लोहार हे थोरल्या ओळीचे बलुतेदार. नांगर-वखराची दुरुस्ती त्यांच्या बलुत्यात येई, परंतु नव्या गाडीची चाकजोडी हे बलुत्याबाहेरचे, रोख मोबदल्याचे काम असे, आणि सुतार त्यास स्वतःच्या नावलौकिकाची बाब समजे. मधला तुंबा बाभळीचा, कारण बाभळीचे जून लाकूड सहसा तडकत नाही. आरे आणि बाहेरचे पुठे बाभळीचे, तिवसाचे किंवा मिळेल त्या चिवट लाकडाचे. दोन चाकांना जोडणारा आख पुढे लोखंडाचा झाला, पण पूर्वी धावड्याच्या लाकडाचाही असे. बहुधा बारा आरे आणि सहा पुठे, म्हणजे प्रत्येक पुठ्यात दोन आऱ्यांची टोके रुतलेली. या साऱ्या सांध्यांत खिळा नसतो. एकमेकांत कुसवांनी अडकलेले हे एकोणीस तुकडे ज्या एका वस्तूने आयुष्यभर एकत्र राहतात, ती वस्तू म्हणजे धाव.

धाव चढविण्याचा दिवस हा लोहाराच्या घरी सणासारखा असे. लोखंडी पट्टी वाकवून तिची टोके जोडून जे कडे होई, त्याचा आतला घेर चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित कमी ठेवीत. किती कमी, हे लोहाराच्या हातास माहीत असे आणि त्यात चूक झाली तर चाक वाया जाई. मग मोकळ्या जागेत गोवऱ्या वर्तुळाकार रचून त्यांत ते कडे पुरीत आणि आग देत. लोखंड तापले की वाढते. पाच फूट व्यासाच्या चाकाचा घेर पावणेसोळा फूट धरला आणि धाव पाचशे अंशांनी तापली असे मानले, तर तिचा घेर सुमारे एका इंचाने वाढतो. तेवढा एक इंच हाच त्या विद्येचा सगळा अवकाश. तांबडी झालेली धाव तीन-चार माणसे सांडशींनी उचलून चाकावर बसवीत, घणाचे ठोके देत, लाकूड जळू लागून धूर निघे, आणि त्याच क्षणी घागरीच्या घागरी पाणी तिच्यावर ओतले जाई. लोखंड आकसे, सहाही पुठे परस्परांवर दाबले जात, बाराही आरे तुंब्यात खोल शिरत, आणि त्या वेळी लाकडातून जो करकर आवाज निघे तो ऐकून अनुभवी सुतार चाक साधले की नाही ते सांगे. शास्त्राच्या पुस्तकात उष्णतेने होणारे प्रसरण शिकविताना आपल्याकडील मुलांना याच उदाहरणाची आकृती दाखवीत; गावातील मुलास ती आकृती पाहण्याची गरज नसे.

परंतु येथेच ऋतूंचा डाव सुरू होतो. लोखंड उष्णतेने वाढते आणि लाकूड कोरडेपणाने आटते. म्हणजे वैशाखाच्या उन्हात धाव सैल होण्याच्या दिशेने जाते आणि तिच्या आतले लाकूड लहान होण्याच्या. दोघांची फारकत एकाच वेळी दोन्ही बाजूंनी होते. म्हणून ऐन उन्हाळ्यात, लग्नसराईच्या दिवसांत, गाडी रस्त्यावर खुळखुळू लागे, धावेखाली पाचरी ठोकाव्या लागत, आणि शहाणा शेतकरी प्रवासाच्या आदल्या रात्री चाके काढून हिवरेच्या डोहात वा विहिरीवरच्या हौदात भिजत घाली, कारण पाणी प्यालेले लाकूड फुगून धावेस पुन्हा घट्ट भिडते. पावसाळ्यात याच्या उलट: लाकूड आपोआप फुगलेले, धाव आवळलेली, चाक जसे काही एकसंध, पण तेव्हा रस्ताच नाही. जेव्हा चाक उत्तम तेव्हा वाट वाईट आणि जेव्हा वाट उत्तम तेव्हा चाक वाईट, अशी ही रचना होती. तिच्याशी झुंजण्याची तजवीज म्हणून गाडीखाली बांबूच्या नळ्यात वंगण, जवळ पाचरी आणि एक लहान घण एवढे सामान प्रत्येक दूरच्या प्रवासात असे.

आता धावेची रुंदी घ्या. ओझ्याच्या गाडीस रुंद धाव घातली तर कोरड्या वाटेवर ती कमी रुतते, पण काळ्या चिखलात तिच्या रुंदीवर चिखलाचे थर चढतात आणि चाकाचा ढोल होतो. अरुंद धाव चिखल कापीत खालच्या घट्ट थरापर्यंत जाते व मोठ्या व्यासामुळे चाक त्यातून वर येते. उलट खडीच्या सरकारी रस्त्यास ती करवतीसारखी चिरते. पाचोऱ्याकडील शेतकऱ्याने अरुंद धाव आणि मोठे चाक हा जोड पसंत केला. ज्या वाटेवर त्याचे वर्षाचे पीक शेतातून घरी यायचे ती वाट खडीची नव्हती, त्याच्याच बांधाची होती, आणि त्याने आपली धाव वर्षातील सर्वांत वाईट महिन्याकडे पाहून निवडली, सर्वांत चांगल्याकडे पाहून नव्हे. आश्विनातल्या अवकाळी पावसात कापसाचे गाडे शेतात अडकले तर चैत्रातल्या गुळगुळीत वाटेचे कौतुक काय कामाचे? खोल काळीत मात्र त्याचीही धाव हरे, आणि ऐन श्रावणात बैल जुवाखालून सोडून गाड्या उभ्या करून ठेवणे हाच शिरस्ता असे.

धावेच्या निवडीत आणखी एक अदृश्य पंच असे: चाकोरी. एका वाटेवरून पिढ्यान्पिढ्या गाड्या जाऊन जाऊन दोन समांतर खोल पन्हळी पडत, आणि दोन चाकांतील अंतर त्या पन्हळींशी जुळले नाही तर गाडी एक चाक वर व एक चाक खाली अशी तिरपी चाले. म्हणून त्या त्या मुलखातील सुतार एकाच मापाचा आख करीत. परमुलखातून आणलेली गाडी विकली जाणे कठीण होई. ‘चाकोरी’ हा शब्द आज आपण निर्बुद्ध अनुकरणाच्या अर्थाने वापरतो, हा त्या शब्दावर अन्याय आहे. ज्याने रात्री अंधारात, गाडीत झोपलेल्या मुलाबाळांसह, केवळ बैलांच्या आणि चाकोरीच्या भरवशावर दहा कोस काटले आहेत, त्याला तिचे ऋण ठाऊक असे.

ओझ्याच्या गाडीहून निराळी असे ती दमणी, आणि माझ्या मते खानदेशची स्पोर्ट्स कार म्हणावी तर तिलाच. हलका साटा, वर कमानीचे छत, आत गादी, बारीक आरे, पातळ धाव, आणि जुवाखाली खिल्लार जातीचे बैल. पश्चिम खानदेशातील तापी खिल्लार हे पांढऱ्या अंगाचे, गुलाबी मुसकटाचे जनावर ओढण्याच्या बळापेक्षा चालीसाठी नावाजलेले; देशमुख-पाटलांच्या घरी लेकीस आणावयास किंवा सारंगखेड्याच्या दत्तयात्रेस जावयास अशीच जोडी दमणीस जुंपली जाई. या दमणीच्या धावेत बारमाहीपणाची अपेक्षाच कोणी केली नाही. ती कार्तिकात निघे आणि ज्येष्ठाच्या अखेरीस गोठ्यात जाई. चार महिने तिच्यावर पोते टाकलेले असे. वेगासाठी निवडलेले चाक वेगाच्याच ऋतूत वापरावे आणि उरलेल्या ऋतूंत ओझ्याची गाडी चालवावी, हा विवेक ज्यांना दोन गाड्या परवडत त्यांच्यापाशी होता; एकच गाडी असणाऱ्या कुणब्यास मात्र बारमाही चाकाखेरीज गत्यंतर नव्हते, आणि त्याचे चाक म्हणूनच जड, मंद आणि खात्रीचे असे.

याच खात्रीच्या चाकावर पुढे आरोप ठेवण्यात आला. १८६९च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल सेस वसूल होऊ लागला व त्याचा मोठा हिस्सा रस्त्यांकडे जाऊ लागला. १८७५च्या टोल कायद्याने रस्त्यांवर व पुलांवर नाकेही बसले. म्हणजे रस्त्याची किंमत शेतकरी महसुलात एकदा आणि नाक्यावर दुसऱ्यांदा देत होता. असे असता मोटारी आल्यावर, लोखंडी धाव डांबरी व खडीचे रस्ते फोडते, ही तक्रार रस्ते-अभियंत्यांच्या तोंडी वारंवार येऊ लागली. १९२७ साली नेमलेल्या भारतीय रस्ते-विकास समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. तिच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसून मध्यवर्ती रस्ते-निधी उभा राहिला, आणि रस्ता मोटारीच्या पैशावर, म्हणून मोटारीसाठी, अशी समजूत हळूहळू रूढ झाली. धाव रस्ता चिरते हे खरे आहे. मी ते नाकारीत नाही. पण ज्याने साठ वर्षे आणा-आणा भरून तो रस्ता बांधविला त्याच्या चाकास रस्त्याचा शत्रू ठरविताना, शेताच्या वाटेवर दुसरे कोणते चाक चालेल हे त्यास कोणी दाखविले नाही, हेही खरे आहे.

दाखविण्याचा पहिला गंभीर प्रयत्न रबरी टायरने केला. हवा भरलेल्या रबरी चाकाचे पेटंट रॉबर्ट टॉमसन याने १८४५ सालीच घेतले होते, पण ते विस्मृतीत गेले आणि १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी ते पुन्हा शोधून काढले. डनलॉप कंपनीचा कारखाना १९३६ साली बंगालमधील साहागंज येथे सुरू झाला आणि बैलगाड्यांसाठी खास टायर व आख बाजारात आले. उत्तर हिंदुस्थानात तर अशा गाडीस ‘डनलॉप’ हेच नाव पडले. खानदेशात तिला सरळ ‘टायरगाडी’ म्हणतात. पक्क्या रस्त्यावर तिचा गुण निर्विवाद: तीच बैलजोडी दीड ते दोनपट ओझे नेते, बैलाच्या मानेवरचे हिसके कमी होतात, रस्ता चिरत नाही; साखर कारखान्यांच्या ऊसवाहतुकीत तिने आपले स्थान मिळविले ते याच गुणांवर. परंतु पाचोऱ्याच्या बांधावर बाभूळ आहे, आणि बाभळीचा काटा रबरास ओळखत नाही. ज्या झाडाच्या लाकडाने जुने चाक घडले त्याच झाडाच्या काट्याने नवे चाक बसले. खेड्यात पंक्चर काढणारा नव्हता, नवा टायर परवडत नव्हता, म्हणून मोटारींचे झिजलेले जाड टायर आणि जुने आख घेऊन गाड्या बांधल्या गेल्या, आणि लहान व्यासाचे ते चाक चिखलात तुंब्यापर्यंत रुतू लागले. रस्ते पक्के होत गेले तसतशी टायरगाडी वाढली. शेतवाट कच्ची राहिली तेथे लाकडी चाक टिकून राहिले. यात शेतकऱ्याचा मागासलेपणा पाहणाऱ्यांनी तो रस्ता पाहिला नव्हता, एवढेच मी म्हणेन.

आता ओझे ट्रॅक्टरने उचलले आहे आणि दमणी लग्नाच्या मिरवणुकीपुरतीही क्वचित दिसते. बैलांच्या वेगाचा शौक शर्यतींत उरला. विदर्भात अशा शर्यतींस शंकरपट म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४च्या मे महिन्यात या शर्यतींवर बंदी घातली, महाराष्ट्राने २०१७ मध्ये त्यांना मुभा देणारा कायदा केला, २०२१च्या डिसेंबरात शर्यतींस सशर्त अनुमती मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. जामनेरची छोटी आगगाडीही २०२० साली टाळेबंदीत थांबली ती थांबलीच, आणि रुंद रुळांची नवी वाट तिची जागा घेणार आहे.

पाचोरा, भडगाव, जामनेर या तालुक्यांतील कितीतरी वाड्यांच्या भिंतींशी अद्याप जुनी चाके टेकून उभी आहेत, काहींची धाव भंगारात गेलेली आणि आरे निखळलेले. त्यांतील प्रत्येकाचा व्यास, धावेची रुंदी, आऱ्यांची संख्या, लाकडाची जात आणि ज्या वाटेवर ते चालले त्या वाटेची माती, एवढ्या पाच नोंदी घेण्यास एका माणसास पाव तास पुरतो. ज्यांच्या परसात असे चाक असेल त्यांनी ते जळणात घालण्यापूर्वी त्याचे माप कागदावर उतरवावे, गावातील वृद्ध सुतार-लोहारांकडून प्रत्येक भागाचे अहिराणी नाव विचारून त्याखाली लिहावे, आणि तो कागद धुळ्याच्या इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी पोहोचता करावा, अशी माझी खानदेशातील वाचकांना कळकळीची विनंती आहे.